चौथ्या टेकचा नवरदेव

जुईनगर
११ ऑक्टोबर २०२५

श्री. नंदकुमार वालावलकर यांस,

नमस्कार.

आमच्या कामात बातमी आधी सांगतात, तपशील नंतर. म्हणून तसंच करते. माझ्या घरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, शिरवणे गावात, गोजरा नावाच्या शहात्तर वर्षांच्या बाई राहतात. तुम्ही त्यांचे नवरे आहात असं त्यांचं म्हणणं आहे. गावाचंही तेच म्हणणं आहे. त्यांना तुमच्याकडून काडीमोड हवा आहे.

आता तपशील.

'पलीकडचा दिवा' या सिनेमाची स्वच्छ केलेली नवी प्रत तयार झाली आहे. २९ नोव्हेंबरला वाशीतलं एक फिल्म सर्कल ती दाखवणार आहे आणि सोबत एक पुस्तिका काढणार आहे. नायक, नायिका, छायाचित्रण यांवर मोठी नावं लिहितायत. सहकलाकारांवरचा लेख मी मागून घेतला. नोकरी सोडून तीन वर्षं झाली, पण कुणीतरी तारीख दिल्याशिवाय मला अजून लिहिता येत नाही.

या सिनेमातल्या नायकाबद्दल मला कधी काळजी वाटली नाही. तो बँकेत अफरातफर करतो, खुनात अडकतो आणि शेवटपर्यंत त्याचा भांग मोडत नाही. सिनेमा उभा राहतो तो बाकीच्यांवर. तो लिफ्टमन आठवा. सबंध सिनेमात तो फक्त 'वर की खाली?' एवढंच विचारतो, दोनदा. पहिल्यांदा आपण हसतो. दुसऱ्यांदा तो खुन्याला विचारतो आणि थिएटरात खोकणारे लोक गप्प होतात. नायिकेची घरमालकीण पोलिसांसमोर स्वेटर विणत बसते आणि एकही टाका न चुकवता सहा वेळा खोटं बोलते. पडसं झालेला इन्स्पेक्टर आरोप करण्याआधी नाक पुसतो, आणि आरोप जास्त खरा वाटतो. ही माणसं पोस्टरवर नव्हती. त्यांच्यामुळे पोस्टरवरच्यांना पळावं लागतं.

आणि मग मिठागरावरची वरात. नायक खाडी ओलांडून पळायला येतो. पलीकडच्या काठावर दिवा लागला की निघायचं, असं ठरलेलं असतं. तो वरातीत लपतो. दिवा लावण्याचा इशारा नवरदेवाने द्यायचा असतो, आणि नवरदेव फितूर झालेला असतो. नवरदेव म्हणजे तुम्ही.

नामावलीत शेवटी 'आणि शिरवणे ग्रामस्थ' असं येतं. त्यांतलं कुणी हयात आहे का, हे बघायला मी गेले. सुचिता नावाची बँकेत काम करणारी मुलगी मला तिच्या वडिलांच्या आत्याकडे घेऊन गेली. त्या गोजराबाई. सिनेमातली नवरी. तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या.

मी आडनाव सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

"तू त्याची पोर?"

"हो."

"नाक त्याचाच हाय. जिता हाय का तो?"

"आहेत. मिरजेला असतात."

"मंग ये म्हनावं त्याला. मेला असता तरी चाललं असतं. पन तसं कुनी कलवाया नको का?"

प्रकार असा आहे. आगरी लोकांत लग्न लागताना धवलारीण लागते. ती देवांना एकेक करून बोलावते आणि धवला, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते. ती गाणी म्हणजेच विधी. तुमच्या दिग्दर्शकांना सगळं अस्सल हवं होतं. त्यांनी गावची धवलारीण चांगुणाबाई हिला बोलावलं आणि सांगितलं, की तू खऱ्या लग्नात करतेस तसंच कर, काही सोडू नको. तिने काही सोडलं नाही. पुढच्या वर्षी गोजराबाईंचं लग्न जमलं तेव्हा चांगुणाबाई गायला तयार होईना. "मी देवांना हाका मारून बोलावलंय," ती म्हणाली. "देवांना शुटिंग कलत नाय."

सोयरे मागे फिरले. दुसरे आले, तेही फिरले. गोजराबाईंचे वडील स्टुडिओत जाऊन आले, पण तोवर कंपनी बंद पडली होती.

तर तुम्ही एक दिवस शिरवण्याला यावं आणि पंचांसमोर काडी मोडावी, एवढीच विनंती आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, असं तुमच्या घरमालकीणबाई श्रुतीताई म्हणाल्या. म्हणून पत्र.

लेखासाठी एक माहितीही हवी आहे. लिफ्टमनचं काम करणाऱ्या नटाचं नाव काय होतं? नामावलीत नाही.

वैशाली

ता. क. आई बरी आहे. या पत्राचं तिला बोललेले नाही. तिने विचारलं नाही.


जुईनगर
२७ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,

तुमचं पत्र दिवाळीनंतर आलं. खालच्या पेटीतून ते आईने आणलं, त्यामुळे सांगायचं की नाही हा प्रश्न मिटला. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "अक्षर अजून तस्सं आहे," ती म्हणाली. "स्वतःवर खूष." मग ती कुकर लावायला गेली. मी मागून जाऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काडीबिडी काही माहीत नाही. पण त्या बाईंना भेटायचंय मला."

लिफ्टमनचं नाव कळवल्याबद्दल आभार. लेखात ते येईल.

बाकी तुम्ही जे लिहिलंय त्याला क्रमाने उत्तर देते. सिनेमातली लग्नं धरली तर तुमची अकरा लग्नं झाली आहेत आणि तुम्ही एकोणीस वेळा मेला आहात, हे वाचून आई हसली. मीही हसले. पण बाकीच्या दहा ठिकाणी भटजी एक्स्ट्रा होता. इथे धवलारीण खरी होती. फरक तिथे आहे.

तुमच्या गुडघ्यांचं समजलं. आईचेही गेले आहेत. ती त्या गुडघ्यांवर भाजी आणते.

नवरीचा चेहरा आठवत नाही, फक्त मुंडावळ्या टोचत होत्या आणि कोणीतरी डोळ्यांवर उजेड मारत होतं हे आठवतं, असं तुम्ही लिहिलंय. ते मी गोजराबाईंना सांगितलं नाही.

'लेखात माझ्याबद्दल काय लिहिलं आहेस?' हा प्रश्न तुम्ही पत्रात दोन वेळा विचारलाय. अजून काहीच लिहिलेलं नाही. एकतीस वर्षं मी सिनेमाचं पान सांभाळलं आणि तुमच्या कुठल्याही कामावर एक ओळ लिहिली नाही. बापाबद्दल लिहिणं बरं दिसत नाही, असं मी ऑफिसात सांगायची.

आता मुख्य गोष्ट. इतकी वर्षं गेल्यावर आताच काडीमोड कशाला, हे तुम्ही विचारणं बरोबर आहे. मीही विचारलं.

गोजराबाईंना नामा यांच्याशी लग्न करायचं आहे. नामा त्यांचे शेजारी, वय अठ्ठ्याहत्तर. आधी मिठागरावर होते, पुढे एमआयडीसीत वॉचमन. त्यांची बायको वारली, मुलगा उरणला गेला. गोजराबाई कंपन्यांच्या गेटवर चहाची टपरी चालवायच्या. गेली कित्येक वर्षं दोघं एकाच चुलीवर जेवतात आणि आपापल्या घरी झोपतात. गावात त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. बोलण्यासारखं आता उरलेलं नाही.

श्रावणात नामांना हार्ट अटॅक आला. रिक्षात घालून गोजराबाईंनी त्यांना नेलं. आत सोडताना नर्सने विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" त्या म्हणाल्या, "शेजारीन." नर्स म्हणाली, "मग घरचं माणूस बोलवा." उरणहून मुलगा येईपर्यंत गोजराबाई बाहेरच्या बाकड्यावर बसून होत्या. आता पुढच्या महिन्यांत नामांचं ऑपरेशन ठरेल. तेव्हा आपण बाहेर बसणार नाही, असं त्यांनी ठरवलं आहे.

सुचिताने त्यांना कोर्टात नेऊन लग्न लावून देते म्हणून सांगितलं. गोजराबाईंनी विचारलं, "कोर्टात धवला गातात का?"

"नाय आजी. सही करायची फक्त."

"मंग ते लगीन नाय. ती हजेरी जाली."

चांगुणाबाई वारल्या. त्यांची सून रंगूबाई आता गाते. गावात धवला येणारी ती एकटीच उरली आहे. तिचं वय पंच्याहत्तर आणि सासूचा शब्द मोडायची तिची तयारी नाही. पहिला नवरा जिवंत आहे, म्हणजे त्याने येऊन काडी मोडायला हवी. शिवाय तो प्रसंग चार टेकमध्ये झाला आणि चांगुणाबाई चारही वेळा पूर्ण गायली. तेव्हा काड्या चार.

तुम्ही मेला असतात तर मात्र काहीच लागलं नसतं, हेही रंगूबाईंनी मला समजावून सांगितलं. मोकळेपणाने बोलतात इथले लोक.

वैशाली


जुईनगर
८ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,

स्पीड पोस्टने आलेलं पाकीट मिळालं. त्यात मोडलेल्या चार काड्या आणि 'मी नंदकुमार वालावलकर, शुद्धीवर असताना या काड्या मोडल्या आहेत' अशी सही केलेली चिठ्ठी. ते घेऊन मी आणि आई शिरवण्याला गेलो. आईने हट्टाने पातळ बदललं.

रंगूबाईंनी काड्या हातावर घेतल्या. उजेडात धरल्या. "या खराट्याच्या हायत," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "काडी ती काडीच ना."

"अगो, खराट्याची काडी मोडून संसार मोडत नाय. झाडू मोडतो. आनि मोडल्या कुनी? पोस्टमननी पन मोडल्या असतील. बाईच्या समोर मोडायची असते. ती बघते, तेव्हा सुटते."

आई पुढे सरकली. तिने विचारलं, "बाईनं बघितल्याशिवाय सुटत नाही?"

"कशी सुटंल? सांगितल्याशिवाय गेला तो काय सोरून गेला व्हय? तो नुसता गेला."

आईने चहाची बशी खाली ठेवली. त्यानंतर तिथे दुसरं बोलणं सुरू झालं. तुम्हाला हे लिहायलाच पाहिजे असं नाही, पण मी जे ऐकते ते लिहिते, ही सवय आहे.

मग नामा आले. काठी टेकत, पण ताठ. गोजराबाईंनी त्यांच्यासाठी वेगळा, बिनसाखरेचा चहा आणला. मी टॅबवर तो वरातीचा प्रसंग लावला, कारण मला इतर माणसांची नावं लिहून घ्यायची होती. नामा एकेक ओळखत होते. हा अमक्याचा बाप, ही अमकीची सासू, यो कुत्रा आमचाच. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "यो मी."

नवरीच्या डाव्या बाजूला, डोक्यावर गॅसबत्ती धरलेला पोरगा.

त्या प्रसंगातला नवरीच्या तोंडावर हलणारा उजेड तुम्हाला माहीत आहे. तो फार गाजलेला आहे. चेहरा दिसतो, बुडतो, परत दिसतो. पुढे काहीतरी वाईट होणार हे तिथे कळतं. त्यावर लोकांनी पानं लिहिली आहेत. मी स्वतः एकदा रविवारच्या पुरवणीत 'कॅमेरामनचा श्वास' असं काहीतरी लिहिलं होतं.

मी नामांना विचारलं, "बत्ती अशी हलवायला कुणी सांगितलं होतं?"

"हलवाया? मना गप उभा ऱ्हा म्हनून शिव्या घातल्या त्यांनी! तीन येला घातल्या."

"मग?"

नामांनी चहाची बशी तोंडाला लावली. गोजराबाई म्हणाल्या, "सांग की. आता काय लाजतंस? एक पाय सरनावर गेला."

"हात थरथरत व्हता माझा," नामा म्हणाले. "ती नवरी जाली ना. मी दिवालीला इचारनार व्हतो तिच्या बापाला. त्याच्या आंदीच हे सिनेमावाले आयले. खोटं हाय, खोटं हाय, म्हनत व्हतो मनात. आनि ती चांगुनाबाई एकेका देवाचं नाव घेते! बत्ती ऱ्हाते का मंग हातात?"

"याच्या पायी चार येला गायली ती," गोजराबाई म्हणाल्या. "यानं हात गप ठेवला असता तर एकदाच लगीन लागलं असतं माझा."

चौथ्या वेळीही हात थरथरलाच. दिग्दर्शक कंटाळले. म्हणाले, राहू दे, बरं दिसतंय.

तुमच्या डोळ्यांवर उजेड मारणारं 'कोणीतरी' ते हे. माझा लेख मी परवा पूर्ण केला होता. घरी येऊन त्यातली मधली दोन पानं काढून टाकली. सहकलाकारांमध्ये आता गॅसबत्तीवाला पहिला आहे.

तुमच्याबद्दलचा परिच्छेदही लिहून झाला आहे. वाचायचा असेल तर या. इथे आलात की देईन.

वैशाली


जुईनगर
१८ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,

येण्याबद्दल तुम्ही तीन अटी घातल्या आहेत. स्टेजवर सत्कार, शाल-श्रीफळ आणि लेखातला परिच्छेद. पहिल्या दोन अटी फिल्म सर्कलने मान्य केल्या. त्यांना आनंदच झाला, हयात असलेला नट मिळत नव्हता. गोजराबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "शाल घे म्हनावं, नारल घे. आनि दुसऱ्या दिशी हिकडं ये."

तिसऱ्या अटीबद्दल मात्र मी विचार केला. लेख वाचायला म्हणून तुम्ही यावं आणि जाता जाता काडी मोडावी, हे मला बरोबर वाटत नाही. मागच्या पत्रात ते आमिष मी दाखवलं होतं. ते काढून घेते. परिच्छेद खाली उतरवून देते. आता लेखासाठी येण्याचं कारण उरलेलं नाही. तरी यावंसं वाटलं तर या.

'नवरदेवाला या सिनेमात एकही संवाद नाही. नायक वरातीत शिरतो, गर्दीतून त्याच्याकडे बघतो, आणि नवरदेवही त्याच्याकडे बघतो. एवढ्यात इशारा व्हायला हवा. नंदकुमार वालावलकर इथे काहीच करत नाहीत. ते फक्त मान खाली घालतात. मुंडावळ्या पुढे येतात आणि चेहरा झाकला जातो. बाकी नटांनी इथे डोळे फिरवले असते, घाम पुसला असता. वालावलकर लाजतात. नवरदेवाने लाजावं तसे. आजूबाजूच्या बायका हसतात, कारण त्यांना ते लाजणंच वाटतं. फक्त नायकाला आणि आपल्याला कळतं की हा माणूस आता इशारा देणार नाही. फितुरी इतक्या सभ्यपणे केलेली मराठी पडद्यावर मी दुसरी पाहिलेली नाही. हे या सिनेमातलं सर्वांत अवघड काम होतं, आणि ते सर्वांत चांगलं झालं आहे.'

हे मी तुमच्याबद्दल नट म्हणून लिहिलंय आणि ते छापलं जाणार आहे. जे छापलं जाणार नाही ते हे. पहिल्या पत्रात मी असं भासवलं की हा सिनेमा माझ्यासाठी निव्वळ कामाचा आहे. तो मी पहिल्यांदा पंधराव्या वर्षी बघितला, मॅटिनीला, एकटीने. तुम्ही सांगलीच्या दौऱ्यावर गेलात त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. दौरा किती दिवसांचा, हे आई दारात विचारत होती. तुम्ही मान खाली घातलीत आणि बॅग उचललीत. आईला वाटलं, उशीर होतोय म्हणून. थिएटरात मला ते परत दिसलं.

तक्रार म्हणून लिहीत नाही. तुमच्या कामाची ओळख मला कुठून झाली, हे नोंदवलेलं बरं, एवढंच.

आता सोयीचं. रात्रीची मिरज-मुंबई बस पहाटे सायन-पनवेल हायवेने येते. एल.पी. म्हणतात त्या स्टॉपच्या पुलाखाली उतरवा म्हणून कंडक्टरला आधी सांगा, नाहीतर थेट वाशीला नेईल. मी तिथे असेन. राहायची सोय फिल्म सर्कलने वाशीतल्या हॉटेलात केली आहे. आमच्याकडेही जागा आहे. आई म्हणते, "त्याला सांग, हवा बदललीय, मफलर घेऊन ये." हे तिने भाजी निवडताना सांगितलं, वर बघितलं नाही.

वैशाली


जुईनगर
९ डिसेंबर २०२५

ती. बाबांस,

सुखरूप पोचल्याचं श्रुतीताईंनी कळवलं. शाल त्यांच्या कपाटात ठेवायला दिलीत, हेही.

३० तारखेला शिरवण्यात जे झालं ते तुम्ही पाहिलं. पण तुम्हाला ऐकू आलं नाही. म्हणून जे ऐकायचं राहिलं ते लिहिते.

तुम्ही मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसलात तेव्हा पंचांपैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला, "सिनेमात बुटका दिसत होता." दुसरा म्हणाला, "बसलेला होता तेव्हा." तुम्ही त्यांच्याकडे बघून हात जोडलेत.

रंगूबाईंनी गवताच्या काड्या आणल्या होत्या, हिरव्या, त्याच सकाळी उपटलेल्या. पहिली मोडताना तुम्ही जरा नाटकी हात वर केलात. तेव्हा रंगूबाई म्हणाल्या, "कॅमेरा नाय हिथं." लोक त्यालाच हसले. तुम्हाला वाटलं तुम्हाला दाद मिळाली. पण दुसरी तुम्ही खाली धरून, नीट मोडलीत. तिसरी गोजराबाईंकडे बघून. चौथी मोडेना, ओली होती. तुम्ही ती पिळलीत. तेव्हा गोजराबाई पुढे वाकून हळू आवाजात बोलल्या. तुम्ही "काय?" म्हणून माझ्याकडे बघितलंत आणि मी हाताने 'नंतर' अशी खूण केली. त्या म्हणाल्या होत्या, "जा आता. तुज्या नावावर लई वर्सं काडली मी. तुजा काय दोस नाय. तू फकस्त उभा व्हतास."

नामा काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. चौथी काडी तुटल्यावर ते शेजारच्याला म्हणाले, "झाला पॅक अप."

आई तुमच्यापासून चार माणसं सोडून उभी होती. तुम्ही तिच्याजवळ जाऊन म्हणालात, "बरी आहेस?" ती म्हणाली, "गुडघे सोडून." हे तुम्हाला ऐकू आलं असावं, कारण तुम्ही मान डोलावलीत. त्यानंतर ती म्हणाली, "जेवून जा." ते तुम्हाला ऐकू आलं नाही. तोवर तुम्ही बसची वेळ विचारायला सुचिताकडे वळला होतात. मी ते मोठ्याने परत सांगू शकले असते. पण ते वाक्य माझं नव्हतं.

लग्न परवा, ७ तारखेला झालं. तुमच्यासाठी खुर्ची ठेवली होती. 'पहिल्या नवऱ्याची' असं सुचिताने कागदावर लिहून चिकटवलं होतं, नामांनीच तो कागद काढायला लावला. "पावना हाय, नाव लिव," म्हणाले. तुमचं पूर्ण नाव लिहिलं. खुर्ची रिकामी राहिली, पण नाव छान दिसत होतं. नामावलीत येतं तसं.

रंगूबाई गायली. तिचा आवाज आता फाटका झाला आहे आणि मधे दोनदा दम लागला. पण सासूने घेतली होती तीच नावं तिने घेतली, तोच क्रम. सिनेमा इतक्या वेळा पाहिल्यामुळे तो मलाही पाठ आहे. मांडवात एलईडीच्या माळा होत्या, पण गोजराबाईंनी एक गॅसबत्ती मागवली होती. वाशीच्या कुठल्याशा डेकोरेटरकडे मिळाली. ती धरायला पोरं पुढे आली तेव्हा गोजराबाईंनी त्यांना बाजूला केलं आणि बत्ती स्वतःच्या आणि नामांच्या मधे खाली ठेवली. "हितं ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "याच्या हातात देऊ नका, नायतर परत चार येला लागंल."

सगळं एकाच खेपेत झालं. ऑपरेशन १६ तारखेला आहे. नर्सला काय सांगायचं ते गोजराबाईंनी आताच पाठ करून ठेवलंय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणून दाखवतात.

पुस्तिका सोबत पाठवते. पान नऊवर गॅसबत्तीवाले, पान अकरावर तुम्ही. 'नामा' नंतर मी आडनाव विचारलं तर ते म्हणाले, "सिनेमात आडनाव नव्हतं, आता कशाला?" म्हणून नुसतं नामा.

अजून एक राहिलं. पंच उठून गेल्यावर आई रंगूबाईंकडे गेली आणि तिने त्यांच्याकडून एक काडी मागून घेतली. रंगूबाईंनी कारण विचारलं नाही. जुडीतली एक काढून दिली, आणि दुसरीही द्यायला लागल्या. आई म्हणाली, "एकच. आमचा एकच टेक होता."

मी वाटेत तिला विचारलं, ही मोडायची आहे का? ती म्हणाली, "ते तो आल्यावर बघू. समोर असल्याशिवाय काय करता येत नाही, ऐकलंस ना तू?"

ती काडी तिने चमच्यांच्या खणात, झाऱ्याच्या शेजारी ठेवली आहे. मी रोज चमचा काढताना बघते. आणली तेव्हा हिरवी होती, आता टोकाला पिवळी पडली आहे. गवत आहे, वाळणारच. पुरती वाळली की खण ओढतानाच्या धक्क्यानेही मोडेल, आणि मग ती कुणी मोडली असं कुणालाच म्हणता येणार नाही.

त्याआधी या. ह्या वेळी उतरायचं ठिकाण तेच, एल.पी.चा पूल. सत्कार नाही. जेवण आहे.

तुमची
वैशाली